कमी एक

१

कुडव्यात खेमराज पटले गुरुजींच्या घरासमोर जीप थांबवली, तेव्हा गर्दी घराकडे बघतच नव्हती. आत म्हातारा माणूस डोकं फुटून पडला होता, आणि बाहेर लोक फाटकाजवळच्या फळ्यावरचे आकडे वाचत उभे होते. मला तिथंच संताप आला.

"सरका! इथं काय जत्रा भरली आहे का?"

"म्याडम, रागावू नका," माझा हवालदार इंद्रकुमार म्हणाला. तो कुडव्याचाच. "हा फळा वाचल्याशिवाय इथला माणूस गाडीला किक मारत नाही. गुरुजी रोज पहाटे लावायचे. ताप असला तरी लावायचे."

शाळेच्या मैदानावरचा क्रिकेटच्या धावा दाखवायचा तो जुना लाकडी फळा. भंगारात निघाला तेव्हा गुरुजींनी उचलून आणला होता. त्यावर खिळे, खिळ्यांना पत्र्याचे आकडे टांगलेले. वर एक मोठी संख्या आणि तिच्याखाली तीन पाट्यांपैकी एक: कमी, जास्त किंवा बरोबर.

मला गणितात जेमतेम पास व्हायची सवय, त्यामुळे इंद्रकुमारनं मला पोरीला समजवावं तसं समजावलं. एखाद्या संख्येला ज्या लहान संख्यांनी पूर्ण भाग जातो, त्यांची बेरीज करायची. दहा घ्या. एक, दोन, पाच. बेरीज आठ. दहाला दोन कमी पडले, म्हणून पाटी 'कमी', शेजारी २. बारा घ्या. एक, दोन, तीन, चार, सहा. बेरीज सोळा. पाटी 'जास्त', शेजारी ४. बेरीज त्या संख्येइतकीच आली, तर 'बरोबर'.

"ती 'बरोबर'ची पाटी मी जन्मात पाहिली नाही," तो म्हणाला. "तशी संख्या लई मुश्किलीनं सापडते म्हणे."

आज फळ्यावर ३३५५०३३६ होतं. खाली 'कमी'. शेजारी १.

आत गेले. गुरुजी समोरच्या खोलीत पालथे पडले होते. धोतर स्वच्छ, टक्कल चकचकीत आणि त्याच टकलावर मागून घाव. वरवंटा स्वयंपाकघरात पाट्यावर ठेवलेला, स्वच्छ धुतलेला. त्याच्या खाचेत मात्र रक्त राहून गेलं होतं. खिडकीत त्यांची लिहायची दगडी पाटी होती, तीही ओल्या फडक्यानं पुसलेली. पाटीवर चष्मा घडी करून ठेवलेला.

चष्मा मी नाकाशी नेला. काड्यांना उग्र, कडू वास येत होता. कसलं तरी तेल. टक्कल असलेल्या माणसाच्या चष्म्याला तेल कुठून लागलं, असं मनात आलं खरं. तेवढ्यात साहेबांचा फोन आला आणि ते तिथंच राहिलं.

"डॉक्टर काय म्हणतात?"

"थंडी होती, नक्की सांगता येत नाही म्हणतात. काल संध्याकाळपासून आज पहाटेपर्यंत कधीही."

"अहो, फळा पहाटे लागला ना? मग पहाटे म्हातारा जिवंत होता. त्यानंतर घरात कोण होतं?"

"सून."

"मग विचार कसला करताय कटरेबाई? आज अटक दाखवा."

२

रेणू अंगणात तुळशीजवळ बसली होती. अंगात अजून नर्सचा पांढरा कोट. नवरा वीरेंद्र कोरोनात गेला, तेव्हापासून सासरा आणि सून असे दोघंच या घरात. ती गोंदियाच्या एका खासगी दवाखान्यात रात्रपाळी करायची.

"सकाळी आली तेव्हा फळा लागलेला होता," ती म्हणाली. "म्हटलं मामाजी उठले. डोळ्यांवर झोप होती, आकडे वाचले नाहीत, आवाजही दिला नाही. मागच्या दारानं आपल्या खोलीत जाऊन पडली. उठली, चहा घेऊन गेली, तर…"

तिनं कोटाची बाही तोंडावर धरली. मी थांबले. पोलिसांना थांबता येत नाही असं लोकांना उगाच वाटतं.

"आकडे कोण काढायचं?"

"मामाजीच. उद्याचे आकडे संध्याकाळीच दोऱ्यात ओवून खिडकीत ठेवत. खालची कमी-जास्तची पाटी मात्र फळा लावतानाच काढत. म्हणत, आधी लावून ठेवली तर चोरून पाहतील लोक."

तिच्या नखांत पिवळा रंग अडकला होता.

"हे काय?"

"रंग. काल मामाजींचा एक पत्रा रंगवून दिला, ड्युटीवर जायच्या आधी."

मी मान डोलावली आणि पुढचा प्रश्न विचारला. त्या एका मान डोलावण्याबद्दल मी स्वतःला आजही चार शिव्या देते.

"गुरुजींनी मृत्युपत्र केलं होतं म्हणे?"

"हो. हे घर आणि मुर्रीची धानाची जमीन माझ्या नावे. मी नको म्हटलं होतं." तिनं डोळे पुसले. "त्यांच्या विद्यार्थ्याशी, योगराजशी, माझं लग्न लावून देणार होते. म्हणत, सून म्हणून आली, लेक म्हणून सासरी पाठवीन."

तेवढ्यात फाटकातून आरडाओरडा करत एक गडी आत आला. गुरुजींचा भाचा ओमेश. बिरसीच्या विमानतळावर टॅक्सी चालवतो.

"यही है वो!" तो रेणूकडं बोट करून ओरडला. "म्याडम, खुनी को जमीन नाही मिळत ना? कायद्यात तसंच आहे ना?"

"मामा गेला, आणि तुला आधी कायदा आठवला?"

"आठवीन नाही तं काय? मामाची जमीन माझी माय कसते. चाळीस वर्षं!"

"काल संध्याकाळी कुठं होतास?"

"नागपूरले. सवारी घेऊन गेल्तो, आत्ता आलो. टोलवाल्याले विचारा." मग फळ्याकडे हात करून म्हणाला, "आन् मामा तं पहाटेपर्यंत जिवंत होता नं! फळाच सांगून राहिला!"

सगळेच जण फळ्याचा हवाला देत होते. रेणूला जीपमध्ये बसवताना तिनं माझा हात धरला. "म्याडम, मी त्यांना मारीन काऊन? ह्या जगात मला लेक म्हणणारा तो एकच माणूस होता."

मी हात सोडवून घेतला आणि जीपचं दार लावलं.

३

मुर्रीला गुरुजींची थोरली बहीण सुशिलाबाई राहायची, ओमेशची आई. सत्तरी ओलांडलेली, पण उन्हातान्हात राबलेली, वाळल्या सागासारखी कणखर बाई. आम्ही गेलो तेव्हा अंगणात धानाची रास होती, चार मजूर बायका पदर पसरून बसल्या होत्या आणि बाई पायली भरून भरून त्यांच्या पदरात टाकत होती.

"भाऊ गेला आणि तुम्ही धान मोजताय?" मी जरा तोडूनच बोलले.

"सुतक मले आहे, त्यांच्या लेकरायच्या पोटाले नाई," ती म्हणाली. "मजुराचं धान अडवून ठेवता येत नाई, पोरी. बस."

ती प्रत्येकीचं माप नव्यानं सुरू करायची. पहिली पायली बाजूच्या टोपल्यात ओतायची. मग दुसरी पदरात टाकायची आणि तेव्हा म्हणायची, "एक." पुढची, "दोन." मी मनातल्या मनात मोजत होते आणि दर वेळी माझा आकडा तिच्यापेक्षा एकानं पुढं जात होता.

"आजी, तुमचं एक चुकून राहिलं."

"चुकत नाई. पहिली देवाची. ते काढून ठेवाची, मोजाची नाई. आमच्या मायनं तसंच शिकवलं."

काम संपवून तिनं हात झटकले. कापणीनं तळवे भेगाळले होते. कोनाड्यातली बाटली काढून ती भेगांत तेल जिरवू लागली.

"काल संध्याकाळी तुम्ही कुडव्याला गेला होता?"

"गेल्ती नं. नव्या धानाचे पोहे देऊन आली. खेमा हासत होता. म्हणे, अक्का, उद्या फळा पाहाले ये." तिनं पदरानं डोळे टिपले, आणि ते रडू खोटं नव्हतं. "आज पहाटे तं मी काकड आरतीले होती. गावभर विचारा. मी देवाच्या दारात, आन् तिकडे माझ्या भावाचा जीव…"

"सुनेवर संशय आहे तुमचा?"

"मी कोणाचं नाव घेत नाई. पण फळा पहाटे लागला. तवा घरात कोण होतं, ते तुमीच पाहा."

साहेब जे म्हणाले, अगदी तेच. इंद्रकुमार माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "गावाचंच एकमत झालंय, म्याडम." मला मात्र त्या अंगणात बसल्यापासून काहीतरी खुपत होतं. नाकात शिरलेला एखादा वास आठवतो आणि नाव आठवत नाही, तसं.

४

योगराज बोपचे ठाण्यात येऊन बसला होता. गुरुजींचा विद्यार्थी. कुडव्यात स्वतःची गणिताची शिकवणी चालवतो. डोळे सुजलेले.

"रेणूला सोडा," तो म्हणाला. "पाहिजे तर मला धरा."

"तुम्ही मारलंत?"

"नाही."

"मग कशाला धरू? फुकट जेवू घालायला?" मी चिडले होते, त्याच्यावर नाही, स्वतःवर. मोबाईल त्याच्यापुढं केला. "हा आजचा फळा. यावरून तुमची रेणू आत जाणार आहे. बघा."

त्यानं फोटो मोठा केला. मग त्याचा चेहराच बदलला.

"हे गुरुजींनी लावलं? शक्यच नाही!"

"काऊन?"

"म्याडम, ३३५५०३३६ ही परिपूर्ण संख्या आहे. हिच्या भाजकांची बेरीज हिच्याइतकीच येते. अशी पहिली संख्या सहा. मग अठ्ठावीस, चारशे शहाण्णव, आठ हजार एकशे अठ्ठावीस. आणि त्यानंतर थेट ही. मधल्या तीन कोटींत एकही नाही! गणिताच्या माणसाला ही संख्या घरच्या माणसासारखी ओळखीची असते. गुरुजी 'बरोबर'ची पाटी लावणार होते. म्हणून तर मला आज सकाळी जिलेबी घेऊन बोलावलं होतं, कारण सांगितलं नव्हतं."

मी उठून उभी राहिले. पिवळा रंग. पत्रा.

रेणूला कोठडीतून बाहेर आणलं आणि विचारलं, "तू काल कोणता पत्रा रंगवलास?"

"'बरोबर'ची पाटी," ती सहज म्हणाली. "जुनी गंजली होती. माळ्यावर वाळत ठेवली आहे. मामाजी म्हणाले, उद्या लागेल."

इंद्रकुमारला तसंच कुडव्याला पिटाळलं. त्यानं माळ्यावरून फोटो पाठवला. वर्तमानपत्रावर पिवळीधमक पाटी, 'बरोबर', रंग अजून चिकट.

आता मला गणित येवो न येवो, पुढचं स्पष्ट दिसत होतं. गुरुजींनी तो फळा लावलाच नव्हता. खिडकीत दोऱ्यात ओवलेले आकडे कोणीतरी उचलून नेऊन टांगले, गुरुजी पहाटेपर्यंत जिवंत होते असं जगाला वाटावं म्हणून. खून संध्याकाळीच झाला होता, आणि संध्याकाळपासून रेणू दवाखान्यात, दहा जणांसमोर.

"लावणाऱ्यानं अंदाजे 'कमी' लावलं असेल," साहेब फोनवर म्हणाले.

"अंदाजे १ कसा लावेल, साहेब? अंदाज करणारा हजार लावेल, लाख लावेल. तीन कोटींच्या संख्येला फक्त एक कमी, हे हिशेब केल्याशिवाय येत नाही." मी योगराजकडे वळले. "हिशेब करून एकच कमी कसा येईल?"

त्यानं कागदावर भराभर भागाकार केले. बारा वेळा निम्मं केलं, शेवटी ८१९१ उरला, तो कशानंच फुटत नव्हता. सगळ्यांची बेरीज मांडली आणि मग पेन्सिल खाली ठेवली.

"एकाच तऱ्हेनं. सगळं बरोबर केलं, पण भाजकांत एक धरलाच नाही, तर. एकानं प्रत्येक संख्येला भाग जातो, पण तो मोजायचा राहिला, तर बरोबर एकानं कमी येतं."

हे ऐकलं आणि मी एकेकाला बाजूला काढलं. ओमेशला दोनानं भागणंही जमलं नसतं, शिवाय तो नागपूरला. योगराजनं संख्या पाहताक्षणी ओळखली असती. रेणूनं तर 'बरोबर' स्वतःच्या हातानं रंगवली होती. उरला असा माणूस, ज्याला गुरुजींचा खेळ येतो, पण ही संख्या माहीत नाही. आणि जो पहिलं माप कधीच मोजत नाही.

वासाचं नावही तेव्हाच आठवलं; चष्म्याला आणि सुशिलाबाईच्या भेगाळल्या हातांना तोच वास होता. करंजीचं तेल.

"गाडी काढ," मी ड्रायव्हरला म्हटलं. "कुडव्याहून इंद्रकुमारला घेऊ, मग मुर्रीला."

५

ती ओसरीवर एकटीच बसली होती. मी समोर बसले. रासेतून मूठभर धान घेतलं आणि सहा दाणे तिच्यापुढं ठेवले.

"आजी, गुरुजींचा खेळ तुम्हाला येतो का?"

"येत नाई तं काय!" तिच्या चेहऱ्यावर क्षणभर पोरीसारखा उजेड आला. "खेमा शाळेत शिकून आला, का पहिलं मले शिकवे. मी शाळेत गेली नाई. रासेवर बसून दाण्याचे ढीग लावत होतो आमी. मंग पाटीवरचे आकडे आन् भागाकारही त्यानंच शिकवला. त्याची पहिली विद्यार्थीण मी."

"मग सहाचं सांगा."

"सहा. दोनाचे ढीग लागतात, तिनाचे लागतात. दोन आन् तीन, पाच." तिनं दाणे बोटानं सरकवले. "कमी एक."

आणि तिथंच तिचा हात थांबला. तिनं माझ्याकडं पाहिलं, मग दाण्यांकडं, आणि तिला समजलं.

"एकाचे ढीग, आजी? एक एक दाणा?"

"ते पहिली…" ती पुटपुटली. "पहिली मोजाची नसते."

"तुम्ही त्यांचा चष्मा लावून त्यांच्याच पाटीवर हिशेब केलात. काड्यांना तुमच्या हाताचं तेल लागलंय."

तिनं सहाही दाणे उचलून परत रासेत टाकले. मग पदर सावरून, मजुरांचा हिशेब सांगावा तशा आवाजात बोलू लागली.

"माय लवकर मेली. खेमाले मी वाढवलं. तो शिकावा म्हणून मी मजुरीनं धानाच्या रोवण्याले गेली. मास्तर झाला, तवा गावभर मीच पेढे वाटले. मालक गेला तशी परत इथं आली आन् जमीन कसली. हक्कसोड लिहून दे म्हणे, तं आंगठा देल्ला. भाऊच आहे, म्हटलं. काल पोहे घेऊन गेली, तं हासत हासत सांगे, अक्का, जमीन रेणूच्या नावानं केली."

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, आन् मी? मले काय?" ती हातावरच्या भेगा चोळत होती. "तं म्हणे, 'अक्का, तुझं काय मोजाचं? तू तं घरचीच.' आन् पाठ फिरवून आपले आकडे ओवत बसला."

अंगणातल्या टोपल्यात देवाचं धान तसंच पडलं होतं.

"वरवंटा हातात कसा आला, मले कळलं नाई. तो पडला, तवा कळलं. मंग घाबरली. मंग खिडकीत आकडे दिसले. म्हटलं, हे पहाटे लागलेले दिसले, तं मी आरतीले राहीन. पण खालची पाटी नसती, तं लोकायनं वळखलं असतं का हे त्याचं नाई. म्हणून बसली. अंधार पडेपर्यंत भागत बसली, मंग अंधारातच आकडे टांगले. तो बाजूले पडला होता." ती थांबली. "हिशेब चुकू नाई म्हणून दोनदा केला."

इंद्रकुमारनं तोंड फिरवलं.

"रेणूवर येईल, हे माहीत होतं?"

"माहीत होतं," ती म्हणाली. रडली नाही, लाजलीही नाही. मला तिची कीव येत होती आणि तिच्या थोबाडीत मारावंसंही वाटत होतं, दोन्ही एकदमच.

तिला घेऊन आम्ही कुडव्यावरून आलो. गुरुजींच्या फाटकाशी ठाण्यातून सुटून आलेली रेणू आणि योगराज उभे होते. रेणूनं फळ्यावरची 'कमी'ची पाटी काढली होती आणि १ काढला होता. ती पिवळी पाटी खिळ्याला टांगत होती. रंग ओला, तिच्या बोटांना लागत होता. ओमेश रस्त्याच्या पलीकडे टॅक्सीला टेकून उभा होता, आईकडं बघत.

सुशिलाबाईनं जीपमधून मान वळवून फळ्याकडं पाहिलं.

"तो आकडा बरोबर होता का वो?"

"हो. एक मोजला की बरोबर होतो."

जीप चौकातून वळेपर्यंत ती मागं वळून फळ्याकडं बघत राहिली. मग स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली,

"तेच तं मी त्याले सांगून राहिली होती."